कर्करोग, पाप आणि तो फिरणारा मेसेज

माझ्या मावशीला स्तनाचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया झाली, केमो चालू आहे आणि डॉक्टर समाधानी आहेत. मध्यंतरी तिचा फोन आला, "अगं, पुढच्या केमोला नाही गेलं तर चालेल का?" उलट्यांना कंटाळली असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंनी तिला एक मेसेज पाठवला होता आणि तो वाचल्यापासून मावशी रात्री जागून वहीत स्वतःची पापं लिहीत बसली होती. शाळेत ढापलेली पेन्सिल, जावेशी धरलेला अबोला, रविवारची उपासना चुकवून गाठलेली नातेवाइकांची लग्नं. यातल्या कोणत्या पापानं गाठ झाली असेल, ते ती शोधत होती.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. खाली कुणा 'देवसेवका'ची सही, नाव नाही. सार असं: कर्करोग हे लपवलेल्या पापाचं फळ आहे. पाप कबूल केलं की क्षमा मिळते आणि क्षमा मिळाली की रोग जातो. नाही गेला तर विश्वास कमी पडला, किंवा घराण्यावर शाप आहे. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास. सुटका हवी असेल तर अभिषेकाचं तेल मागवा, बीज पेरा (म्हणजे पैसे पाठवा) आणि साक्षींचे (म्हणजे बरं झाल्याचं सांगणाऱ्यांचे) व्हिडिओ पाहा. प्रत्येक ओळीला बायबलमधला संदर्भ चिकटवलेला आहे, म्हणून तो आमच्यासारख्या ख्रिस्ती घरात न विचारता शिरतो. त्यामुळे उत्तरही मी तिथूनच देते. विज्ञानाचं व्याख्यान मावशीनं ऐकून घेतलं असतं, आणि वही पुन्हा उघडली असती.

सगळ्यात आधी तो पापाचा मुद्दा, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे.

हा प्रश्न येशूला सरळ विचारला गेला होता. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडा. जन्मांध माणूस रस्त्यात दिसतो आणि शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? म्हणजे आपला देवसेवक जे आज विचारतो तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. येशूचं उत्तर: यानंही पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही. देवाची कामं याच्या ठायी दिसावीत म्हणून हे आहे. पुढे येशू थुंकीनं माती कालवतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. त्या आंधळ्याकडून त्यानं पापांची यादी मागितलेली नाही. विश्वास किती आहे तेही आधी तपासलेलं नाही. माणूस बरा होऊन येतो तेव्हा त्याला येशू नेमका कोण हेसुद्धा नीट माहीत नसतं.

गंमत पुढे आहे. त्या अध्यायात 'तू तर पापातच जन्मलास' असं त्या माणसाच्या तोंडावर म्हणणारे लोकही आहेत. ते परूशी आहेत, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी पुढारी, आणि ते त्याला बाहेर हाकलतात. आमच्या देवसेवकानं अध्याय बरोबर निवडला असता, तरी भूमिका चुकीच्या माणसांची घेतली असती.

याच शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. लूकाच्या तेराव्या अध्यायात येशू स्वतःच ती बातमी काढतो आणि विचारतो, ते अठरा जण यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला? नाही, असं तोच सांगतो. त्यानंतर पश्चात्तापाचं बोलतो खरा, पण ते मेलेल्यांबद्दल नाही, समोर उभ्या असलेल्या धडधाकट लोकांबद्दल. आणि ईयोबाचं तर अख्खं पुस्तक पडलं आहे. अंगभर फोडं आलेल्या माणसाजवळ तीन मित्र बसतात आणि पानंच्या पानं समजावतात की तू काहीतरी केलंच असणार. शेवटी देव रागावतो तो त्या तिघांवर, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला ईयोबाला सांगतो. हे वाचूनही कोणी आजारी बाईच्या फोनवर 'लपवलेलं पाप' असा मेसेज टाकत असेल तर त्यानं चौथ्या मित्राची जागा घेतली आहे.

आता अर्धं खरं काय तेही सांगते, नाहीतर कोणीतरी खाली याकोबाच्या पत्रातलं वचन टाकणारच. हो, याकोब म्हणतो की आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. पापांची क्षमाही तिथे आहे. पण ती 'पापं केली असतील तर' अशी येते. आजार आहे म्हणजे पाप आहेच, असं याकोब धरून चालत नाही. हो, मार्काच्या दुसऱ्या अध्यायात छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला येशू आधी क्षमा देतो आणि मग उठवतो. हो, बेथेस्दाच्या तळ्यावरच्या माणसाला 'पुन्हा पाप करू नकोस' अशी तंबीही देतो. जुन्या करारात अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी याला लोभापायी कोड फुटतं. आणि आपल्या वागण्यानं आजार होतात हेही नाकारत नाही. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या बाईला तोंडाचा कर्करोग झाला तर तो तंबाखूमुळे होतो, सासूशी भांडल्यामुळे नाही. बायबलमध्ये काही ठिकाणी आजार आणि पाप एकत्र येतात, एवढं मान्य. पण तिथे ते सांगणारा एकतर संदेष्टा आहे किंवा स्वतः प्रभू. व्हॉट्सॲपवरच्या निनावी माणसाला तो अधिकार कोणी दिला?

आणि क्षमा मिळाली की रोग जातो, हा हिशेब जिथे सपशेल मोडतो ती जागा तर प्रत्येक गुड फ्रायडेला आपण वाचतो. येशूच्या शेजारी खिळलेला चोर. गुन्हा कबूल, शिक्षा योग्य असल्याचंही कबूल. त्याला जागच्या जागी क्षमा मिळते, 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असं वचन मिळतं. पण खाली कोणी उतरवत नाही. संध्याकाळी शिपाई येऊन त्याचे पाय मोडतात आणि तो मरतो. मेसेजच्या नियमानं पाहिलं तर या माणसाला क्षमा मिळालेलीच नसणार! आपलं तारण कृपेनं झालं, ते कमावलेलं नाही, देणगी आहे, असं इफिसकरांच्या पत्रात लिहिलं आहे. ती देणगी मिळाल्याचा पुरावा म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट मागणं हे मला तरी त्या वधस्तंभाचा अपमान वाटतं. मावशीला मी फोनवर फक्त ही चोराची गोष्ट सांगितली. बाकी काही सांगावं लागलं नाही.

आता औषधांचं. यात जीव जाऊ शकतो म्हणून इथेही थांबते.

मेसेजमध्ये आसा राजा आणला आहे: पायांना रोग झाला, परमेश्वराला न शोधता वैद्यांकडे गेला आणि मेला (२ इतिहास १६). त्याच अध्यायाचा वरचा भाग मात्र गाळला आहे. या आसानं परमेश्वराच्या मंदिरातलं सोनं-रुपं काढून अरामाच्या राजाला दिलं, आणि त्याबद्दल बोलणाऱ्या हनानी द्रष्ट्याला तुरुंगात टाकलं. देवाकडे पाठ फिरवणं ही त्याची शेवटच्या वर्षांतली खोड होती. वैद्याकडे जाणं हाच दोष असता तर हिज्कीया राजाचं काय करायचं? तो मरायला टेकलेला असतो, रडून प्रार्थना करतो, देव पंधरा वर्षं वाढवून देतो, आणि मग यशया संदेष्टा काय सांगतो? अंजिरांची ढेप आणा आणि गळवावर बांधा. प्रार्थना ऐकली गेली होती, तरी पोटीस चुकलं नाही.

दुसरा आवडता संदर्भ रक्तस्रावी स्त्रीचा: बारा वर्षं वैद्यांवर पैसा घालवला आणि गुण आला नाही. खरं आहे, मार्क तसं म्हणतो. पण त्यावरून 'वैद्याकडे जाऊ नका' ही आज्ञा कशी निघते? येशू तिला त्याबद्दल बोलत नाही, 'मुली' म्हणतो. दुखणाइतांना वैद्याची गरज असते, हे वाक्य येशूचंच आहे, आणि तेही पाप्यांबद्दल बोलताना आलेलं. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो. त्याच पौलाचा 'प्रिय वैद्य' लूक. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांपैकी एक जण डॉक्टर असलेला हा धर्म, आणि त्यात औषध म्हणजे अविश्वास!

आपल्याकडचा इतिहासही काढायला हरकत नाही. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं ते मिशनरी म्हणूनच. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानं काम सुरू केलं, खेड्यातल्या शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं आणि १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळवला. महाराष्ट्रातल्या किती ख्रिस्ती घरांत एक तरी नर्स आहे ते मोजा. त्या सगळ्या काय अविश्वासाचा पगार घेतात?

केमोनं माणसं जास्त मरतात, असंही त्यात एक वाक्य आहे, त्याला मात्र वचन सापडलेलं नाही. केमोचा त्रास होतो, केस जातात, पांढऱ्या पेशी उतरतात, हे कोणी लपवत नाही. म्हणूनच दोन केमोंच्या मध्ये दिवस सोडतात, शरीर सावरावं म्हणून. पण फार दिवस सोडले तर त्या अवधीत उरलेल्या कर्कपेशीही सावरतात. वेळापत्रक त्यासाठी असतं. त्रास असह्य होत असेल तर डॉक्टरांना सांगायचं. ते मात्रा किंवा तारीख बदलू शकतात. 'एक केमो सोडून बघूया' हा निर्णय प्रार्थनासभेत घ्यायचा नसतो.

उरलेले मुद्दे झटपट.

पिढीजात शाप. बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, हे निर्गमाच्या पुस्तकातलं वचन दिलं आहे. यहेज्केलाचा अठरावा अध्याय जणू त्याच्यावरच लिहिला आहे: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण यापुढे इस्राएलात चालणार नाही, मुलानं बापाच्या पापाचा भार वाहायचा नाही. काही कर्करोग घराण्यात चालत येतात ते जनुकांमुळे, आणि त्याची तपासणी होते. आजोबांच्या नवसाला त्यात ओढू नका.

विश्वास कमी पडला. पौलाच्या शरीरात 'काटा' होता, त्यानं तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे' एवढंच उत्तर आलं. आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, तो मिलेत गावी आजारी सोडून पुढे गेला. पौलाचा विश्वास कमी होता, असं देवसेवकानं एकदा सही करून, आणि या खेपेला नाव टाकून, लिहावं.

तेल आणि बीज. कृपा पैशानं विकत घेऊ पाहणाऱ्या शिमोन जादूगाराला पेत्रानं तुझ्या पैशासकट तुझा नाश होवो म्हटलं होतं (प्रेषितांची कृत्ये ८). ते पटत नसेल तर कायदा आहे. कर्करोग चमत्कारी उपायानं बरा होतो अशी जाहिरात करणं हा १९५४ च्या औषधे आणि चमत्कारी उपाय कायद्याखाली गुन्हा आहे. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे उकळणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं. तो कायदा फक्त इतरांच्या बुवांसाठी आहे अशा समजुतीत आपल्यातले पुष्कळ जण आहेत.

साक्षी. व्हिडिओतली बाई स्वतःच म्हणते की तिचं ऑपरेशन झालं होतं. मग देवानं सर्जनच्या हातून बरं केलं असं म्हणायला काय अडचण आहे? अडचण एवढीच की त्यात तेल विकता येत नाही.

पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, एक विनंती. मावशीच्या घरी येऊन प्रार्थना करता, ते करत राहा, तिला त्याचा आधार वाटतो. पण येत्या रविवारी सूचनांच्या वेळी, संडे स्कूलच्या सहलीची वर्गणी सांगण्याआधी, एवढं वाचून दाखवा: डॉक्टरांना विचारल्याशिवाय मंडळीतल्या कोणीही औषध बंद करू नये, आणि आजाऱ्याला त्याचं पाप विचारायला कोणीही जाऊ नये. ज्यांनी त्या तेलासाठी पैसे पाठवले असतील त्यांनी पावती किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. तक्रार करायची झाली तर तोच लागेल.