आधी अतिक्रमण, मग कमान : बोलोन्यातले चार दिवस

गेल्या नोव्हेंबरात कंपनीच्या कामासाठी इटलीतल्या बोलोन्याला चार दिवस जाणे झाले. आमच्या कारखान्यात औषधाच्या गोळ्या पट्टीत भरणारे नवे मशीन येणार होते आणि ते जहाजावर चढण्यापूर्वी तिथेच चालवून, तपासून घेण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. औषधे, चहा, चॉकलेट अशा मालाच्या पॅकिंगची यंत्रे बनवणारे कारखाने या शहराच्या आसपास इतके आहेत की त्या भागाला ‘पॅकेजिंग व्हॅली’ म्हणतात. दिवस कारखान्यात जायचा आणि संध्याकाळचे दोन-तीन तास शहरासाठी मिळायचे, एवढाच माझा बोलोन्याशी परिचय आहे. तरीही तिथली एक गोष्ट परत आल्यापासून मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिल्याच संध्याकाळी पाऊस लागला होता आणि छत्री हॉटेलच्या खोलीत राहिली होती. परत फिरावे अशा विचारात असताना लक्षात आले की रस्त्याच्या कडेने चालणारे कोणीच भिजत नव्हते. तिथल्या जुन्या भागात पदपथ सहसा उघडा नसतोच. बहुतेक इमारतींचा वरचा मजला पदपथावर पुढे आलेला असतो, त्याला खालून खांब आणि कमानी असतात आणि लोक त्या छताखालून चालतात. एका घराची कमान संपते तिथे शेजारच्या घराची सुरू होते. मी हॉटेलपासून पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकापर्यंत जवळजवळ पाऊण तास रमतगमत गेले आणि रस्ते ओलांडताना पडलेले थेंब सोडले तर कोरडी पोहोचले. पायाखाली कुठे आपल्याकडे जुन्या घरांत असायची तशी घोटलेली मोझॅक फरशी होती, तर कुठे दगडी लाद्या. फरशीचा रंग बदलला की मालक बदलला, असे समजावे. पातळी जुळत नव्हती अशा एका ठिकाणी दोन फरश्यांच्या मध्ये हातभर लांबीचा उतार काढलेला होता आणि एक आजी आपली चाकांची भाजीची पिशवी त्यावरून न थांबता, न उचलता ओढत पुढे गेल्या. मी तिथे थांबून तो उतार बराच वेळ पाहत राहिले.

या कमानींना तिथे ‘पोर्तिको’ म्हणतात. शहरातल्या सगळ्या मिळून सुमारे ६२ किलोमीटर भरतात आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. पण माझ्या दृष्टीने त्यांच्या सौंदर्याहून त्यांचा जन्म अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्यांची सुरुवात सरळसरळ अतिक्रमणातून झाली. बोलोन्याचे विद्यापीठ युरोपातले सर्वांत जुने मानले जाते आणि त्याच्या स्थापनेचे साल परंपरेने १०८८ सांगतात. विद्यार्थी, व्यापारी, कारागीर येत राहिले, तटबंदीच्या आतली जागा अपुरी पडू लागली आणि घरमालकांनी तुळया पुढे काढून वरच्या मजल्यावरच्या खोल्या रस्त्यावर वाढवायला सुरुवात केली. वजन वाढले तेव्हा खाली लाकडी खांब रोवले. आपल्याकडे गॅलरी बंद करून खोली केली जाते, दुकानाचा पत्रा हळूहळू फुटपाथवर येतो, त्याच जातीचा हा प्रकार होता.

अशा वेळी प्रशासनापुढे सहसा दोनच वाटा असतात : बांधकाम पाडणे किंवा दंड घेऊन ते नियमित करणे. बोलोन्याने १२८८ मध्ये तिसरीच वाट काढली. वरची जागा वापरा, पण खालची जागा चालणाऱ्यांसाठी कायम मोकळी राहिली पाहिजे आणि तिची देखभाल तुमच्या खर्चाने झाली पाहिजे, असा तो कायदा होता. इतकेच नव्हे, तर नव्या घराला पोर्तिको बंधनकारक झाला आणि जुन्यांनाही तो जोडावा लागला. घोड्यावर बसलेला माणूस खालून जाऊ शकेल अशी उंचीसुद्धा ठरली, ती आजच्या मापात सुमारे २.६६ मीटर होते. पुढे १५६८ मध्ये लाकडी खांब काढून विटांचे किंवा दगडाचे करण्याचा हुकूम निघाला, तरी त्यातून वाचलेले काही लाकडी खांब स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावरच्या काझा इझोलानी या वाड्यापुढे आजही उभे आहेत. मी त्या खांबाला हात लावून पाहिला.

मालकी खासगी आणि वाट सर्वांची, हे सूत्र आजही तसेच आहे. तिथल्या एका सहकाऱ्याने मला आपल्या इमारतीखालची नुकतीच दुरुस्त केलेली फरशी दाखवली. तिचा खर्च त्यांच्या सोसायटीने वर्गणी काढून केला होता आणि तो बराच झाल्याचे त्याने मोकळेपणाने सांगितले. पण ही जागा आपली असून लोक तिच्यावरून का चालतात, असा प्रश्न त्याच्या बोलण्यात कुठेही नव्हता. सगळे काही आदर्श आहे असेही मी म्हणणार नाही. खांबांवर रंगाने खरडलेले पुष्कळ दिसते आणि रात्री काही कमानींखाली बेघर माणसे पांघरूण घेऊन झोपलेली असतात.

हा विचार आपल्याला परका आहे असे मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या फोर्टमधला दादाभाई नौरोजी रस्ता, म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्या इमारतींनी भरत असताना प्रत्येक इमारतीने खाली पादचाऱ्यांसाठी कमानींचा मार्ग ठेवावा असा सरकारी नियमच होता. म्हणून तिथल्या इमारतींच्या शैली वेगवेगळ्या असूनही खालची वाट एकसंध आहे आणि मुंबईच्या पावसात तिची किंमत रोज जाणाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. तो नियम एका रस्त्यापुरता का राहिला, याची खंत मला बोलोन्यात पहिल्यांदा वाटली. पुण्यात आमच्या घरापासून देऊळ चारशे पावलांवर आहे. माझ्या आईचे गुडघे दुखतात आणि त्या चारशे पावलांत तिला सहा वेळा फुटपाथवरून उतरून वाहनांच्या रस्त्यावर यावे लागते. पावसाळ्यात तिने देवळात जाणे सोडून दिले आहे.

निघण्याच्या दिवशी सकाळ मोकळी होती म्हणून सान लूका या टेकडीवरच्या देवळाकडे चालत गेले. शहराच्या वेशीपासून देवळापर्यंत ६६६ कमानींचा, जवळपास पावणेचार किलोमीटरचा पोर्तिको आहे. दरवर्षी मे महिन्यात तिथली मेरीमातेची प्रतिमा मिरवणुकीने शहरात आणतात. ती आणि तिच्यासोबत चालणारे पावसात भिजू नयेत म्हणून १६७४ मध्ये हे काम सुरू झाले आणि लोकांच्या देणग्यांतून ते वर्षानुवर्षे चालले. कमानींवर देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, आपल्याकडे घाटाच्या पायरीवर किंवा धर्मशाळेच्या दारावर असतात तशी. आळंदीहून निघालेले वारकरी पाठीवर प्लास्टिकचा कागद घेऊन भर पावसात चालत असतात, ते त्या चढावर मला सतत आठवत होते.

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी सध्या सुरू आहेत. गेल्या सभेत मी सुचवले की रस्त्याकडेची दुकाने दोन मीटर आत घ्यावीत, वरचे मजले आहेत तिथेच ठेवावेत आणि खालची पट्टी चालणाऱ्यांसाठी कायम खुली करावी. आर्किटेक्टने नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढून, हे बसू शकेल, असे सांगितले. दुकानदार सभासदांनी आपली जागा किती चौरस फूट घटेल असे विचारले आणि तो प्रश्न रास्तच आहे. त्यामुळे तेवढी भरपाई वरच्या मजल्यांत कशी देता येईल याचा हिशेब मी आता मांडते आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेसाठी अर्ज दिला आहे. शेजारच्या दोन सोसायट्यांतही पुनर्विकास ठरला असल्याने त्यांच्या अध्यक्षांना मी येत्या रविवारी भेटणार आहे, कारण आमच्या इमारतीची वाट त्यांच्या भिंतीशी संपली तर आईला पुन्हा तिथे खाली उतरावेच लागेल.