स्टेंट सरकलेली नाही, गोळ्या सोडू नका

मालवण, कुडाळ, कणकवलीकडच्या गावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: अँजिओप्लास्टीनंतर महिन्याभरानेही छातीत दुखत असेल तर स्टेंट सरकली. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी हृदय कमजोर होतं, त्या सोडा. अर्जुनाच्या सालीचा काढा आणि लसूण घ्या, ब्लॉक विरघळेल. कळ आलीच तर जोरजोरात खोका. दवाखान्यात जाऊ नका, दुसरी स्टेंट टाकतील.

मी कुडाळजवळ औषधाचं दुकान चालवतो. हा मेसेज वाचलेली माणसं चिठ्ठीतली एक गोळी वगळून बाकीच्या मागायला लागली आहेत, आणि वगळतात ती नेमकी अशी, जी सोडली तर जीव जाऊ शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“छातीत अजून दुखता, म्हणजे स्टेंट सरकली मा?” नाही. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. ती फुग्यावर बसवून ब्लॉकच्या जागी नेतात आणि फुगा मोठ्या दाबाने फुगवतात, तेव्हा ती हृदयाच्या रक्तवाहिनीच्या, म्हणजे नळीच्या, भिंतीत रुतून बसते. पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत तिच्यावर नळीचं स्वतःचं अस्तर चढतं. नीट बसलेली जाळी खोकल्याने, घाटी चढल्याने किंवा एसटीच्या हादऱ्यांनी जागची हलत नाही.

मग दुखतं कशाने? कारणं बरीच आहेत. पहिले एक-दोन दिवस नळी ताणली गेल्याचा मंद ठणका राहू शकतो, तो आपोआप जातो. पुढेही दुखत राहिलं, तरी स्टेंट बिघडली असा अर्थ होत नाही. २०२३ मध्ये ऑर्बिटा-२ नावाचा ब्रिटनमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नुकताच अटॅक न आलेले, पण श्रम केले की छातीत दुखणारे ३०१ रुग्ण होते. छातीदुखीच्या गोळ्या थांबवून काहींची खरी अँजिओप्लास्टी केली, काहींवर फक्त तसा देखावा केला, आणि कोणाचं काय केलं ते रुग्णांना सांगितलं नाही. १२ आठवड्यांनी खऱ्या अँजिओप्लास्टीवाल्यांपैकी ४० टक्के लोकांचं दुखणं पूर्ण गेलं होतं, देखाव्यावाल्यांपैकी १५ टक्के लोकांचं. म्हणजे फायदा खरा आहे. पण नळी मोकळी होऊनही दहातल्या सहा जणांना थोडंफार दुखत होतंच. हे रुग्णाला घरी सोडतानाच सांगायला हवं. ते कोणी सांगत नाही, आणि ती जागा असले मेसेज भरून काढतात.

नळी मोकळी होऊनही दुखत राहण्याचं एक मोठं कारण अँजिओग्राफीत (नळ्यांत रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेत) दिसतच नाही. तिच्यात मोठ्या नळ्या दिसतात, स्नायूत शिरणाऱ्या केसासारख्या नळ्या दिसत नाहीत. सुपारीच्या बागेत मुख्य पाट साफ केला, पण आळ्यापर्यंत जाणारे बारीक पाट अडलेलेच राहिले तर झाडाला पाणी कमीच मिळतं, तसंच हे. बायकांमध्ये हा त्रास जास्त आढळतो, आणि “तुझं काही नाही गं, टेन्शन आहे” म्हणून त्यांनाच घरी पाठवलं जातं, याचा मला राग येतो. या दुखण्यावर गोळ्या आहेत. त्या मागा.

शिवाय एखादा ब्लॉक मुद्दाम सोडलेला असू शकतो. अटॅकनंतरच्या दिवसांत हृदयाच्या आवरणाला सूज येते, तेव्हा आडवं झाल्यावर किंवा खोल श्वास घेतल्यावर टोचतं आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. बायपास झाली असेल तर छातीचं मधलं हाड जुळायलाच दोन-तीन महिने जातात. बोटाने दाबल्यावर नेमक्या जागी दुखत असेल तर बहुधा स्नायूची उसण. जेवून लगेच आडवं झाल्यावर जळजळत असेल तर बहुधा अॅसिडिटी. टिकाग्रेलॉर ही रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्यांपैकी काहींना बसल्या जागी श्वास अपुरा वाटतो. तो त्या गोळीचा माहीत असलेला परिणाम आहे, डॉक्टर ती बदलून देऊ शकतात. मात्र ‘बहुधा’ या शब्दावर घरी निदान करू नका, ते ईसीजी पाहून डॉक्टरांनी करायचं.

आता रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं. अॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांनी हृदय कमजोर होत नाही. जाळीवर अस्तर चढेपर्यंत ती उघडा धातू असते आणि त्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. तशी धरली तर नळी एकदम बंद होते आणि मोठा अटॅक येतो. हा धोका पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे गोळ्या मध्येच सोडणं. अटॅकनंतर स्टेंट टाकली असेल तर ही जोडी साधारण वर्षभर चालते, अटॅकशिवाय टाकली असेल तर बहुतेकदा सहा महिने. नक्की किती, ते तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाने ठरवायचं. दात काढायचा म्हणूनही परस्पर बंद करू नका.

माझ्या काउंटरवरचे दोन धोके मेसेजमध्ये नाहीत, तरी सांगतो. छातीत दुखतं म्हणून लोक स्वतःच डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मागतात. स्टेंटवाल्यांनी ही घेऊ नयेत, रक्तस्रावाचा आणि अटॅकचा धोका वाढतो. आयब्युप्रोफेन तर अॅस्पिरिनचं काम अडवतं. अंगदुखीला पॅरासिटामोल विचारून घ्या. दुसरं, क्लोपिडोग्रेल चालू असताना अॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल घेतलं तर क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो. पँटोप्राझोल चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

अर्जुनाच्या सालीवर अभ्यास झाले आहेत, पण तिने ब्लॉक विरघळतो किंवा स्टेंट गुठळीपासून वाचते असं सिद्ध झालेलं नाही. आमटीतला लसूण खुशाल खा. लसणाच्या कॅप्सूल मात्र या गोळ्यांसोबत नकोत, रक्तस्राव वाढू शकतो. आहारात खरोखर बदलायचं असेल तर खारे बांगडे, सुकट आणि लोणच्यातलं मीठ कमी करा.

खोकून अटॅक थांबत नाही. त्यात वेळ जातो, एवढंच.

“दुसरी स्टेंट टाकतील” या भीतीत थोडं तथ्य आहे. अटॅक नसताना टाकलेली स्टेंट बहुतेकांचं दुखणं कमी करते, पण ती आयुष्य वाढवते असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांवर रुग्णांच्या इस्केमिया अभ्यासात दिसलं नाही. तेव्हा “गोळ्यांवर भागेल का?” हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण विचारायला दवाखान्यात जावं लागतं. तिथे आधी ईसीजी, रक्ताची ट्रोपोनिन चाचणी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते कळतं), इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी होते. पुन्हा अँजिओग्राफी गरज वाटली तरच. जाताना डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीची सीडी आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या.

दडपण आल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, हात किंवा जबडा भरून येतोय, दम लागतोय, असं झालं तर चालणं थांबवा, बसा. डॉक्टरांनी दिली असेल तर सॉर्बिट्रेट, म्हणजे नळ्या सैल करणारी गोळी, जिभेखाली ठेवा. गेल्या एक-दोन दिवसांत व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल तर ठेवू नका. पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी काढून थेट कोल्हापूर किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात निघू नका. घाटात किंवा हायवेवर काही झालं तर हाताशी कोणी नसतं, आणि पहिला ईसीजी जवळच्या ग्रामीण रुग्णालयातही निघतो.