सोळा आणे गणित

घरच्या घरी करायचे गणिताचे उपक्रम मुलांसाठी असतात, हा एक सोज्वळ गैरसमज आहे. आमच्याकडे मूल पाच मिनिटांत उत्तर सांगून खेळायला पळतं आणि मोठी माणसं रात्रीच्या जेवणापर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत.

मनू तिसरीत आहे, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत. कर्नाटकात पहिली ते तिसरी 'नली-कली' चालतं, म्हणजे हसत-खेळत शिकणं. १९९५ मध्ये म्हैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ते सुरू झालं आणि तिथून आमच्या बेळगावापर्यंत पोचलं. कार्डं, खडे, मणी, भिंतीवर टांगलेली शिडी. वर्गात पोरं गोल करून बसतात आणि मजेत असतात. पालकसभेत बाई म्हणाल्या, "इथं आम्ही हातात वस्तू देऊन शिकवतो आणि घरी नेऊन तुम्ही पाढ्यांचा घाणा घालता. घरात आहे त्यातनंच गणित दाखवा की. तांदूळ मोजा, अंगण मोजा, दुकान मांडा. आणि फोटो ग्रुपवर टाका." मागच्या बाकावरून एका पालकांनी विचारलं, "मग पाढे कवा पाठ करायचे, बाई?" बाईंनी त्यांच्याकडे न बघता फळा पुसला.

तसं आमच्या घरात गणिताचं दुर्भिक्ष नाही. मी पतसंस्थेत व्याज काढतो. बायको, सुमन, ब्लाऊज शिवते. आई अजून आण्यांत जगते. तिघांचंही गणित पक्कं आहे. एकमेकांशी तेवढं जुळत नाही.

पहिला उपक्रम दुकानाचा. बिस्किटांचे रिकामे पुडे, आगपेट्या, साबणाची वेष्टनं मांडून मनूनं किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि पाटावर मालकीण होऊन बसली. गिऱ्हाईक म्हणून आईला बोलावलं. आता आमच्या आईचा जन्म मुंबई राज्यातला, शाळा म्हैसूर राज्यातली आणि संसार कर्नाटकातला. एवढी राज्यं फिरली तरी बाईनं तालुका सोडला नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला तिचं राज्य बदललं आणि पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, पैसे बदलले. रुपयाचे सोळा आणे होते त्याचे शंभर नवे पैसे झाले. म्हणजे आण्याला सव्वासहा पैसे व्हायला हवेत. पण कोष्टकात आण्याला सहाच धरले होते. तो पाव पैसा आई अजून शोधते. "राज्याचा दावा कोर्टात तरी आहे," ती म्हणते, "माझ्या पाव पैशासाठी कुणी साधा मोर्चा काढला नाही."

असं गिऱ्हाईक दुकानात आलं.

"साबण कसा?"

"चौदा रुपये."

"दहाला दे."

"चौदा लिहिलंय की, आजी."

"लिहिलंय तर लिहिलंय. मालकाला बोलव. मी बोलतो त्याच्याशी." (आमच्याकडे बायकाही 'मी बोलतो, मी जातो' म्हणतात. वरच्या बाजूच्या वाचकांनी छपाईची चूक समजू नये.)

मालक म्हणून मी गेलो. मुलीला सुटे पैसे द्यायला शिकवायचंय, भाव करायला नव्हे, असं आईला समजावलं. त्यावर ती म्हणाली, भाव न करता घेतलं तर त्यात गणित कुठलं? नुसती चिठ्ठी वाचायची तर ते मराठीच्या तासाला करा. हे मला खोडता आलं नाही. शेवटी साबण बारावर तुटला आणि आई पैसे न देताच उठली. मनूनं वहीत नवं पान काढून वर लिहिलं: 'आजी उधार'. फोटोत आईचा हात साबणावर आणि माझा हात आईच्या हातावर असा आला. तो मी ग्रुपवर टाकला नाही.

दुसऱ्या उपक्रमात मापं होती. लिटरची बाटली आणि पेला पुरे, असं सूचनेत होतं. पण आईनं माळ्यावरून शेर, मापटं, चिपटं, कोळवं अशी सगळी उतरंड खाली काढली. निळवं सापडलं नाही. ते माझ्या आत्यानं लग्नात नेलं असा संशय आहे आणि तो पन्नास वर्षं ताजा आहे. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. मनूनं तांदूळ ओतून पाहिले आणि ओरडली, "सगळं डबलच आहे की!" मी भारावलो. कॉम्प्युटरही याच दुपटीवर चालतो, असं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं विचारलं, "पायलीच्या पुढं?"

"सोळा पायल्यांचा मण. वीस मणांची खंडी."

"सोळापर्यंत डबल येतंय. वीसला का नाही?"

या प्रश्नाचं उत्तर बेळगावात कुणाकडे असेल तर त्यांनी कळवावं. आईकडे नव्हतं, म्हणून तिनं चंदगडला आत्याला फोन लावायला सांगितलं. आत्या म्हणाली, "सोळा कुठले गं? आमचा मण बारा पायल्यांचा." आईनं फोन छातीशी धरून आम्हाला सांगितलं, "म्हणूनच हिच्या सासरचं भात कधी पुरलं नाही." मी कॅल्क्युलेटर काढला. सोळाच्या हिशेबानं खंडीत २०,४८० निळवी बसतात, बाराच्या हिशेबानं १५,३६०. मधल्या ५,१२० निळव्यांवरून नणंद-भावजयीची जी जुंपली, ती हरवलेल्या निळव्यापर्यंत जाऊन थांबली. मनू केव्हाच शेजारी खेळायला गेली होती. तांदूळ मी भरले.

सुमनच्या वाट्याला लांबी आली. शाळेची पट्टी सेंटीमीटरची, सुमनचा टेप इंचांचा. टेपच्या उलट्या बाजूला सेंटीमीटर असतात. लग्न झाल्यापासून तिनं ती बाजू पाहिलेली नाही. "सेंटीमीटरात ब्लाऊज शिवलं तर गिऱ्हाईक अंगात घालेल की दाराला टांगेल?" असा तिचा सवाल. पण या घरात शिकवायला येतं ते तिलाच. जुन्या वर्तमानपत्राची चार पदरी घडी घातली, कोपऱ्यावर कात्री चालवली आणि उघडायच्या आधी मनूला विचारलं, "मधे भोक कसलं पडेल, काढून दाखव." मनूनं चौकोन काढला. कागद उघडला तर गोल गळा. पुढची सगळी दुपार दोघी घड्या घालून गळे कापत होत्या, चौकोनी, पानाचे, मटक्याचे. मला कुणी बोलावलं नाही. वर्तमानपत्र त्या दिवसाचं होतं.

दशक-एककासाठी खराटा लागला. दहा-दहा हिरांचे गठ्ठे बांधायचे, उरलेले सुटे. मनू 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहायची, कारण कानाला आधी सात येतो. गठ्ठे पुढ्यात ठेवल्यावर ती ताबडतोब सुधारली, पण तिनं आम्हाला अडकवलं. गल्लीतल्या पोरांबरोबर दोरीच्या उड्या ती कानडीत मोजते: इप्पत्तेळु, इप्पत्तेंटु, इप्पत्तोंबत्तु. आधी वीस, मग सात, आठ, नऊ. गठ्ठे आधी, सुटे मागून. आपल्याकडे अठ्ठावीसनंतर एकोणतीस. "तीस अजून आलाच नाही," मनू म्हणाली, "त्याच्यातनं एक आधीच कसा काढला?"

२०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकानं 'वीस सात'सारखी वाट दाखवली तेव्हा विधानसभेपर्यंत गदारोळ झाला होता. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, जुनी नावं राहणारच आहेत, मुलांना चढायला ही एक पायरी जास्त. आम्ही इकडून ते पेपरात वाचत होतो. आमच्या पोरांना ती पायरी दोरीच्या उड्यांत फुकट मिळते, हे मात्र इथल्या कुठल्याच बाजूच्या पुढाऱ्याला परवडण्यासारखं वाक्य नाही, म्हणून मी हळूच म्हणतो. आईचं मत वेगळं: "सत्तावीस म्हणायला जीभ झिजते काय?" सुमनचं मत खराट्याविषयी होतं. ते इथे देता येत नाही.

एवढं सगळं घरात मिटण्यासारखं होतं. क्षेत्रफळाचा उपक्रम घराबाहेर गेला.

आमच्या अंगणात दोन स्कूटर उभ्या केल्या की अंगण संपतं. म्हणून रविवारी मनूला घेऊन थोरल्या काकांकडे येळ्ळूरला गेलो. समोर राजहंसगड, पायाखाली शेत आणि हातात सुंभाची दोरी. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. १,०८९ चौरस फूट. असे चाळीस झाले की एकर. पुस्तकातला चौरस आणि पायाखालचा चौरस यांत किती फरक आहे हे पोरीला चालून कळावं, एवढीच माझी इच्छा. काकांनी बांधापासून मोजायला सुरुवात केली. दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या, आणि तिसरी खुंटी चुलतकाकांच्या भातात गेली.

"बघितलास?" काका म्हणाले. "मी म्हणत होतो, बांध सरकलाय."

चुलतकाका पलीकडच्या वाफ्यातून आले. दोरी सैल आहे, खुंटी तिरकी आहे आणि पोरीला शाळा शिकवायची तर शाळेत शिकवा, असे त्यांचे तीन मुद्दे होते. वातावरण तापलं. विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, "मनू, १,०८९ ची जादू दाखव की." ही मीच तिला शिकवली होती. तीन अंकी आकडा घ्यायचा, उलटा करायचा, मोठ्यातून लहान वजा करायचा. आलेलं उत्तर उलटं करून त्यातच मिळवायचं. ७३२ मधून २३७ गेले, ४९५; ४९५ आणि ५९४ मिळून १,०८९. पहिला आणि शेवटचा अंक सारखा नसला की दर वेळी तेच.

"कुठलाही आकडा सांगा, काका."

काकांनी शेताचा सर्व्हे नंबर सांगितला. ४२१. मनूनं काठीनं मातीत मांडलं. ४२१ वजा १२४, २९७. अधिक ७९२. उत्तर १,०८९.

काका बराच वेळ त्या मातीकडे बघत होते. मग त्यांनी चुलतकाकांकडे पाहिलं. "सर्व्हे नंबरातनंच गुंठा निघतोय बघ. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"माझा घाल," चुलतकाका म्हणाले. त्यांचा ४२३.

४२३ वजा ३२४, ९९. अधिक ९९. उत्तर आलं १९८.

काकांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी त्यांच्या मुलाला नोकरी लागली तेव्हाही पाहिला नव्हता. १,०८९ कुठं आणि १९८ कुठं! चुलतकाका खाली बसले. त्यांनी बेरीज पुन्हा केली, वजाबाकी पुन्हा केली. "ह्या पोरीनं काय तरी लबाडी केलीय," असं म्हणेपर्यंत गोष्ट गेली. तेव्हा मनू म्हणाली, "थांबा की, तीन अंकी पाहिजे. नव्व्याण्णवच्या पुढं शून्य घालायचं." तिनं ०९९ लिहिलं, उलटं केलं तर ९९०. दोन्ही मिळून १,०८९.

"आलं!" चुलतकाका उठून उभे राहिले.

"शून्य घालून होय?" काका गरजले. "शून्य घालून मी पण पाटील होतो!"

पुढच्या शून्याला किंमत असते की नसते, यावर दोन कुटुंबं भर उन्हात उभी राहून भांडली. माझ्या मते भारतीय शून्यासाठी एवढ्या तळमळीनं कुणी भांडल्याचं अलीकडं पाहण्यात नाही. शेवटी मोजणीला अर्ज द्यायचं ठरलं. काकूनं मनूला भुईमुगाच्या ओल्या शेंगा दिल्या. त्या तिनं फोडून दाणे दोन-दोनाच्या आणि तीन-तीनाच्या ढिगांत लावले आणि खाल्ले. फोटो काढायला मला सुचलं नाही.

त्यानंतर शाळेत मेट्रिक मेळा भरला. आमच्याकडच्या शाळांत हा असतो: पोरं खरोखरचा बाजार मांडतात, तराजूनं भाजी जोखतात, खऱ्या पैशांनी विकतात. मनूनं चिवड्याच्या पुड्या नेल्या, दहा रुपयाला एक. चोवीस पुड्या संपल्या. कानडीत मागणाऱ्याला कानडीत, मराठीत मागणाऱ्याला मराठीत सुटे परत दिले, एकदाही चुकली नाही. संध्याकाळी तिनं वही उघडून जाहीर केलं, "रोख दोनशे वीस. सगळा नफा."

सुमननं शिवणयंत्र थांबवलं. पोहे, शेंगदाणे, तेल, गॅस, कढीपत्ता धरून एकशे नव्वद, असं तिनं तोंडी सांगितलं. "आणि तळायची मजुरी पन्नास."

मनूनं पेन्सिल चावली. मजुरी धरली तर तोटा होतो, हे तिला माझ्या आधी कळलं. तिनं वही उलटी चाळून 'आजी उधार'चं पान काढलं. साबण, बारा रुपये. त्याखाली आजची नोंद: चिवडा, दोन पुड्या, वीस रुपये. वही घेऊन ती थेट आईच्या कॉटपाशी गेली.

"आजी, बत्तीस रुपये."

"बाळपणापासून मी तुला सांभाळलो," आई कूस न बदलता म्हणाली, "त्याचं बिल काढू काय?"

मनूनं कोरं पान उघडलं, समासाची रेघ मारली आणि विचारलं, "काढ की. तासाला किती?"