मन्सा मुसाचे ४०० अब्ज डॉलर मोजले कुणी?

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा बादशहा मन्सा मुसा हा जगाच्या इतिहासातला सर्वांत श्रीमंत माणूस. त्याची संपत्ती आजच्या हिशोबाने ४०० अब्ज डॉलर. मक्केला जाताना त्याने कैरोत इतके सोने वाटले की इजिप्तची अर्थव्यवस्था बारा वर्षे कोलमडली. आणि आपला हैदराबादचा निजामही २३० अब्ज डॉलरसह याच यादीत पहिल्या दहांत. हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. कुणा उद्योगपतीच्या संपत्तीची बातमी आली की तो हमखास पुन्हा वर येतो. त्यातला एकेक दावा घेऊन पाहू.

आधी तो ४०० अब्जांचा आकडा. २०१२ साली ‘सेलिब्रिटी नेट वर्थ’ या अमेरिकी संकेतस्थळाने सार्वकालिक श्रीमंतांची यादी केली, वर्तमानपत्रांनी ती उचलली आणि तिथून हा आकडा जगभर गेला. चौदाव्या शतकातल्या मालीचे जमाखर्च किंवा खजिन्याच्या नोंदी आपल्या हाती नाहीत. आहेत ती अरबी लेखकांची वर्णने. त्यांतले सर्वांत महत्त्वाचे अल-उमरीचे. मुसा १३२४ मध्ये कैरोत आला होता. त्यानंतर काही वर्षांनी अल-उमरीने मुसाला भेटलेल्या लोकांकडून ऐकून हकिगत लिहिली.

आता साधा गुणाकार करून बघा. मुसाबरोबरच्या सोन्याची वर्णने ८० ते १०० उंटांच्या ओझ्यांची आहेत. आपण १०० धरू आणि दर उंटावर १५० किलो. झाले १५ टन. २०१२ मध्ये सोने साधारण ५४ डॉलर ग्रॅम होते. म्हणजे सगळ्या तांड्याचे सोने ८१ कोटी डॉलरचे. एक अब्जही भरत नाही. उरलेले ३९९ अब्ज आले कुठून? त्याच भावाने ४०० अब्ज डॉलरचे सोने म्हणजे सुमारे ७,४०० टन. अमेरिकी सरकारचा आजचा सगळा राखीव साठा ८,१०० टनांच्या आसपास आहे. पश्चिम आफ्रिकेतून वर्षाला १० टन सोने निघत होते असे सढळ हाताने धरले, आणि त्यातला कणन् कण मुसाच्या पेटीत गेला असे मानले, तरी एवढा साठा व्हायला ७४० वर्षे लागतील. मुसाने राज्य केले जेमतेम २५ वर्षे.

यावर कुणी म्हणेल, खाणीच त्याच्या होत्या ना, मग जमिनीखालचे सोनेही धरा. पण खाणींबद्दल अल-उमरी जे सांगतो ते नेमके उलट आहे. सोन्याच्या मुलखांपैकी एखादा जिंकून तिथे इस्लाम आणला की सोने कमी होत जाते, हे मालीच्या राजांनी अनुभवातून ओळखले होते. म्हणून त्यांनी ते मुलूख तिथल्या बिगरमुस्लिम लोकांच्याच हाती ठेवले आणि खंडणीवर समाधान मानले. सोने धुऊन काढणाऱ्यांवर बळजोरी चालत नव्हती, एवढा त्याचा सरळ अर्थ. मला मुसाच्या गोष्टीतला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि डॉलरच्या आकड्याने नेमका तोच पुसला जातो.

कैरोची गोष्ट खरी आहे, पण तिचा राईचा पर्वत झाला आहे. अल-उमरी लिहितो की मुसा येण्यापूर्वी सोन्याचा एक मिस्काल (सव्वाचार ग्रॅमच्या आसपासचे वजन) २५ दिरहमांच्या, म्हणजे चांदीच्या नाण्यांच्या, खाली जात नसे. नंतर तो २२ च्या वर जाईना, आणि असे सुमारे बारा वर्षे चालले. म्हणजे घसरण साधारण १२ टक्क्यांची. सराफाला ती जाणवणार, सोने साठवून बसलेल्याला तर नक्कीच. पण याला देश कोलमडणे म्हणत नाहीत. शिवाय त्याच वृत्तांतात कैरोचे दुकानदार मालीच्या भोळ्या यात्रेकरूंना एका दिनाराचेही (सोन्याच्या नाण्याचेही) मोल नसलेला कपडा पाच दिनारांना विकत होते, हेही आहे. आणि परतीच्या वाटेवर मुसाजवळचे पैसे संपले, त्याला इजिप्तच्या व्यापाऱ्यांकडून भरमसाट व्याजाने कर्ज काढावे लागले. फिरत्या मजकुरात हे कर्ज कधीच दिसत नाही.

४०० अब्जांची रक्कम ‘महागाईचा हिशोब करून’ काढली आहे, असेही सांगतात. इथे त्याच यादीतल्या रॉकफेलर या अमेरिकी तेलसम्राटाचे उदाहरण उपयोगी पडते, कारण त्याचे आकडे बऱ्यापैकी ठाऊक आहेत. १९१३ च्या सुमारास त्याच्याकडे ९० कोटी डॉलर होते. अमेरिकेतल्या वस्तूंच्या किमती तेव्हापासून २०१२ पर्यंत साधारण २३ पट वाढल्या, म्हणजे महागाईच्या हिशोबाने त्याचे सुमारे २१ अब्ज होतात. पण १९१३ मध्ये देशाचे एकूण उत्पन्न ३९ अब्जांच्या घरात होते. त्यातला त्याचा वाटा २०१२ च्या उत्पन्नाला लावला तर उत्तर ३७० अब्जांच्या आसपास येते. माणूस एक, पैसा तोच, आणि दोन उत्तरांत १७ पटींहून जास्त फरक. यादीत त्याच्या नावापुढे ३४० अब्ज आहेत. किमतींच्या वाटेने तिथपर्यंत पोहोचताच येत नाही. मग मुसासाठी कुठला मापदंड लावला? १३२४ ची माली आणि आजची अमेरिका यांच्यात सलग किमतींची कुठलीच मालिका नाही.

निजामाचा दावा आपल्या जास्त जवळचा. मराठवाडा त्याच्याच राज्यात होता. १९३७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने सातवा निजाम मीर उस्मान अली याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापले, हे खरे. पण त्याची संपत्ती म्हणजे नेमके काय? दागिने? जेकब हिऱ्यासह १७३ दागिने भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना घेतले. बाजारभाव त्याहून बराच जास्त होता, तरी २३० अब्ज डॉलरच्या आसपासही तो जात नाही. मग जमीन? संस्थानात दिवाणी, म्हणजे सरकारी, मुलूख वेगळा आणि सर्फेखास वेगळा. सर्फेखासचा महसूल थेट निजामाच्या खासगीत जाई; धाराशिवकडचा बराच भाग त्यात होता. १९४९ मध्ये सर्फेखास सरकारात विलीन झाला. तो सारा शेतसारा कुळांनी आणि रयतेने पिकवलेल्या ज्वारी-कापसातून आलेला. त्याला एका माणसाची ‘कमाई’ म्हणून डॉलरमध्ये मांडताना निदान एवढे तरी सांगायला हवे.

हा प्रश्न किती अवघड आहे ते एका ठेवीवरून कळते. सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस कारवाईच्या दिवसांत, हैदराबादच्या खात्यातून १०,०७,९४० पौंड लंडनमध्ये पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब रहिमतुल्ला यांच्या खात्यात वळवले गेले. निजामाने ते परत मागितले, बँकेने पैसे गोठवले. ते निजामाचे, हैदराबाद सरकारचे की पाकिस्तानचे, यावर खटले चालले. निकाल लागला २०१९ मध्ये: पाकिस्तानचा दावा फेटाळला गेला, पैसे सातव्या निजामाच्या हक्काचे ठरले आणि त्याचे वारस व भारत सरकार यांच्या बाजूने कौल गेला. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर पोहोचली होती. पै-पैचा हिशोब असलेल्या एका खात्याचा मालक ठरायला ७१ वर्षे लागली. सगळ्या संस्थानाचा हिशोब मात्र यादी करणाऱ्यांनी एका ओळीत उरकला.

शेवटी उरतो तो युक्तिवाद असा, की आकडे चुकले असतील, पण क्रम तरी बरोबर असेल. क्रम लावायचा एक प्रामाणिक प्रयत्न ब्रँको मिलानोविच या अर्थतज्ज्ञाने केला आहे. श्रीमंताच्या वर्षाच्या उत्पन्नातून त्याच्याच काळातली, त्याच्याच देशातली किती सरासरी माणसे कामाला लावता आली असती, हे तो मोजतो. प्राचीन रोममधला धनाढ्य क्रॅसस याचे उत्तर येते सुमारे ३२,००० माणसे, १९३७ मधल्या रॉकफेलरचे सुमारे १,१६,०००. या मापात डॉलरची गरज नाही, पण सामान्य माणसाचे उत्पन्न ठाऊक असावे लागते. मुसाच्या काळात नायजर नदीकाठच्या शेतकऱ्याला किंवा सहारा वाळवंटातल्या तघाझाच्या मिठाच्या खाणीत राबणाऱ्या गुलामाला वर्षाकाठी काय मिळत होते, याची नोंद नाही. त्यामुळे या मापाने मुसाला पहिला नंबरही देता येत नाही आणि दहावाही.