पडद्याआडचे दोन प्रश्न

या खेपेला गावी गेले तेव्हा आमच्या सोप्यात वाद रंगला. गल्लीतल्या आशाताई म्हणाल्या, गरोदर बाईची गोळी-इंजेक्शनं आम्ही विचारतो, तसं मनाचंही विचारायला पाहिजे. लगेच आत्या उसळली, "आमच्या वेळी कुठलं आलंय डिप्रेशन? चार बाळंतपणं केली मी." काकांनी माझ्याकडे बघत री ओढली, "तुमच्या इंग्लंडात माणसं नाहीत, म्हणून बाईच्या मनाचे ते कागद भरून घेतात. आपलं घर भरलेलं असतंय."

मी तिथं काही बोलले नाही. सगळं आठवून नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. धाकटी बहीण कराडजवळ दिलेली, तासाभराच्या रस्त्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी, हे गृहीतच होतं. पण मे 2021 मध्ये तिला आठवा महिना लागला तेव्हा सातारा आणि सांगली दोन्हीकडे कोरोनाचा कहर, मध्ये जिल्ह्याची हद्द आणि ई-पास. दवाखान्याचं कारण सांगून पास मिळालाही असता, पण आमची आईच पॉझिटिव्ह. बहीण सासरीच राहिली. भरल्या घराचा काकांचा मुद्दा खोटा नाही. बाईचं बाळंतपण आपण माहेराच्या भरवशावर टाकलेलं असतं, आणि बरेचदा तो भरवसा पुरतोही. त्या वर्षी माहेरची वाट बंद झाली, तेव्हा दुसरं काहीच हाताशी नव्हतं.

तिच्या सासरच्या आशाताई तिच्या दाराशी यायच्या. ऑक्सिमीटर लावायच्या, ताप बघायच्या आणि विचारायच्या, "गोळ्या खाते का? झोप लागते का?" उत्तर आतून सासूबाई द्यायच्या, "सगळं व्यवस्थित आहे." त्या वाईट नव्हत्या. सुनेला गरम जेवण त्याच वाढत होत्या. पण बहीण रोज रात्री न्हाणीत नळ सोडून रडत होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही. मी फोन केला की "बरी आहे की" एवढंच. फोन घरात सगळ्यांचा, तोही स्पीकरवर. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं: दवाखान्यात मला लागण झाली आणि बाळ वेगळं ठेवलं तर? हे तिनं मला दोन वर्षांनी सांगितलं.

बाळ जूनच्या मध्यावर झालं. 15 जूनपासून राज्यातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या, त्यामुळे त्या दिवसांत दाराशीही कोणी आलं नाही. त्यांची मागणी रास्त होती, आजही आहे. गरोदर बायकांना लस द्यायचा निर्णय आपल्याकडे झाला 2 जुलैला. तिनं सगळे महिने बिनलशीचे, टीव्हीवरच्या बातम्या बघत काढले.

आता माझं. मी इंग्लंडात लीड्सला, नोव्हेंबर 2020 मध्ये बाळंत झाले. तिथं सुईणबाई पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारतात: गेल्या महिन्यात वारंवार उदास, निराश वाटलं का? कशात रस वाटेनासा झालाय का? साथीमुळे मला ते फोनवर विचारले. आमचं एका खोलीचं घर, नवरा समोरच्या टेबलावर काम करत बसलेला. मी "नाही" म्हणाले. आपल्या माणसाला धास्ती लावायला नको, एवढंच कारण. विचारायची पद्धत तिथं पक्की होती, तरी खरं उत्तर काही बाहेर आलं नाही.

ते आलं डिसेंबरात. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळंतपणानंतर घरी येणारी नर्स, मास्क लावून आली. तिनं नवऱ्याला बाळ घेऊन बाहेर चक्कर मारून यायला सांगितलं आणि तेच दोन प्रश्न पुन्हा विचारले. मी पाऊण तास रडले. पुढे फोनवरून समुपदेशन मिळालं, तेही थांबून थांबून. आळीवाची खीर मात्र माझी मीच करत होते. हे दुःख तिथल्या कुठल्या कागदावर येत नाही, म्हणून तिकडचं सगळं उचलून इकडे आणा असं मी म्हणणार नाही.

पण ते दोन प्रश्न आणा. आणि ते दारात उभं राहून विचारू नका. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी होते. पोट तपासायला बाईला पडद्याआड नेतात, तिथं सासू नसते, नवरा नसतो. बाई खरं बोलेल अशी ती दोन मिनिटं आहेत. नर्सबाईंनी तिथंच विचारावं. हो म्हणाली तर पुढे कुठं पाठवायचं, हे त्यांच्याजवळ लिहिलेलं हवं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ऑक्टोबर 2022 पासून आहे, पण जिचा फोन स्पीकरवर असतो तिला नुसता नंबर देऊन भागणार नाही. तिला तिथूनच, नर्सबाईंच्या फोनवरून बोलू द्यावं. आणि घरोघरी पाठपुरावा आशाताईंनी करायचा असेल, तर त्या कामाचे वेगळे पैसे द्यावेत. साथीत "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"चं सर्वेक्षण त्यांनीच केलं. आणखी एक ओझं फुकटात त्यांच्या पिशवीत घालायला माझा विरोध आहे.

बहिणीला आता पुन्हा पाचवा महिना आहे. माहेरचा रस्ता मोकळा आहे, आई धडधाकट आहे. तरीही मी फोन लावला की तब्येतीचं लगेच विचारत नाही. आधी विचारते, जवळ कोण आहे? ती म्हणते, "थांब, माडीवर जाते." मग मी जिन्यावरची तिची पावलं ऐकत थांबते.