राऊटर घेताना आधी तो बंद कसा होतो ते बघा

बेळगावात राऊटर, म्हणजे लाकडात खाचा नि कडा काढायचं मशीन, घ्यायचा विषय निघाला की गप्पा वॅटवरच. १३०० की १६५०, बिट (कापणारं पातं) धरणारं कोलेट पाव इंची की अर्धा इंची, बरोबर बिटं किती फुकट. बटण कुठं आहे हे कुणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही मुठी धरून बंद करता येत नाही ते मशीन दुकानातच ठेवून यावं.

चालू करताना घाई नसते. घाई होते ती सागवानी चौकटीला गलता (कडेची पायरीसारखी खाच) काढताना बिट गाठीत बसलं, कोलेटमधून सरकायला लागलं किंवा क्लॅम्प सुटला की. ५० मिमी व्यासाचं बिट २२,००० आरपीएमला फिरलं तर त्याची धार ताशी २०० किलोमीटरच्या वर पळते. (एवढं मोठं बिट १०-१२ हजारांवरच चालवायचं असतं, तो वेगळा विषय.) अशा वेळी एक मूठ सोडून मोटरच्या डोक्यावर बटण चाचपत बसणार काय?

दुकानात पिन न लावता मशीन काउंटरवर ठेवा. दोन्ही मुठी धरा, नजर समोरच्या भिंतीवर ठेवा आणि बोट किंवा अंगठा बटणावर जातो का बघा. फिक्स बेसच्या, म्हणजे मोटर एका खोलीला घट्ट बसवायच्या मशीनला मुठी बेसवर असतात, बटण मोटरवर. खोली बदलली की बटणही वरखाली होतं, आणि मोटर पिळून खोली लावायचं मॉडेल असेल तर ते फिरून पार पलीकडं जातं. म्हणून सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त, दोन्ही खोलींवर बघा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे की.

प्लंज राऊटरला (यात मोटर दाबली की बिट खाली जातं) उजव्या मुठीत ट्रिगर असेल तर मला तेच सगळ्यात बरं वाटतं. डाव्या हातानं प्लंजचा लॉक सोडला की स्प्रिंगनं बिट वर येतं, उजव्या बोटानं मशीन बंद. मुठी सुटत नाहीत. डव्हटेल, म्हणजे टोकाला रुंद बिट असेल तर मात्र वर उचलायचं नाही. आधी बंद करा, पूर्ण थांबू द्या, नाहीतर खाच फाटलीच समजा. डावखुऱ्यांनी ट्रिगरचं लॉक बटण कुठल्या बाजूला आहे ते मुद्दाम तपासावं.

ट्रिमरला, म्हणजे एका हातानं धरायच्या छोट्या राऊटरला, बहुधा सरकतं बटण असतं. धरलेल्या हाताच्याच अंगठ्यानं ते मागं आलं पाहिजे. एमडीएफची भुकटी त्यात बसून ते जड होतं. ब्लोअर मारा, तेल सोडू नका. तेलात भुकटी कालवली की बटण कायमचं चिकटतं.

आता लाईट जाण्याचं. खानापूर काय, चिकोडी काय, काम चालू असताना करंट गेला की माणूस मशीन खाली ठेवून चहाला जातो. बटण किंवा ट्रिगरचा लॉक चालूच राहिला, तर करंट आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं आणि बाकावर नाचतं. लाईट गेली की पहिलं काम बटण बंद, दुसरं पिन बाहेर.

टेबलाखाली उलटा लावलेला राऊटर तर हाताला सापडतच नाही. ट्रिगर केबल टायनं बांधून पिनेवर चालू-बंद करणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार, आणि तो वाईटच. सिंगल फेजचा डीओएल स्टार्टर, म्हणजे हिरव्या-लाल बटणांची स्विचपेटी, लावा. करंट गेला की तो सुटतो, हिरवं बटण दाबल्याशिवाय परत लागत नाही. त्यातली स्विच धरून ठेवणारी कॉईल २३० व्होल्टची घ्या. शेतातल्या थ्री फेज पंपाच्या स्टार्टरला बहुधा ४१५ ची असते, ती इथं चालत नाही. पंपाला लावतात तसला, करंट आला की आपोआप चालू करणारा ऑटो तर अजिबात जोडू नका. १६५० वॅटचं मशीन साधारण ७ अँपिअर ओढतं, त्या हिशेबानं ओव्हरलोड रिले (जादा करंट ओढला की मशीन बंद करणारा) लावून घ्या. स्टार्टर टेबलाच्या पुढच्या पायाला असा बसवा, की दोन्ही हात फळीवर असताना लाल बटण मांडीनं दाबता येईल.