१४८६चा नकाशा आणि ‘सोलोमनचं मंदिर’

माझी मावशी पुढच्या महिन्यात जेरुसलेमच्या यात्रेला निघाली आहे. तिच्या यात्रेच्या ग्रुपवर जुन्या नकाशांचे फोटो आलेत आणि खाली मजकूर : ‘यात्रेकरूंनी मोजमाप घेऊन काढलेल्या १४८६च्या नकाशात सोलोमनचं मंदिर उभं आहे, म्हणजे डोम ऑफ द रॉक नंतर बांधला. तटबंदी आजचीच आहे. दुसऱ्या यात्रेकरूचा १५८४चा नकाशाही तेच सांगतो.’ (डोम ऑफ द रॉक म्हणजे तिथली मुस्लिमांची पवित्र घुमटाची वास्तू; सोलोमनचं मंदिर म्हणजे बायबलमधल्या सोलोमन राजाचं, त्याच टेकडीवरचं ज्यूंचं प्राचीन मंदिर.) मावशीला ते पटलंय, आणि गाईडशी वाद घालायची तिची तयारी चालू आहे.

नकाशा अस्सल आहे, एवढं मान्य करावं लागेल. जर्मन धर्मगुरू बर्नहार्ड फॉन ब्रायडनबाख १४८३ साली यात्रेला निघाले तेव्हा चित्रकार एरहार्ट रॉयविखला सोबत घेऊन गेले. त्याच्या चित्रांसह त्यांचं प्रवासवर्णन १४८६ मध्ये जर्मनीतल्या माइन्झला छापलं गेलं. त्यातल्या या नकाशात मधोमध एका इमारतीवर ‘सोलोमनचं मंदिर’ असं लॅटिनमध्ये लिहिलंय, हेही खरं.

पण अहो, त्या नावाखालचं चित्र तरी बघा! अष्टकोनी इमारत, वर घुमट. तोच डोम ऑफ द रॉक आहे. सोलोमनचं मंदिर बॅबिलोनच्या सैन्याने ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात पाडलं, नंतरचं दुसरं मंदिर रोमनांनी इसवी सन ७० मध्ये. ख्रिस्ती यात्रेकरू मात्र क्रुसेडच्या, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धांच्या, काळापासून मंदिराच्या जुन्या आवारातल्या इस्लामी वास्तूंना बायबलमधली नावं देत आले होते. रॉयविखने तेच छापलं.

आणि बांधकामाचं साल त्या इमारतीतच लिहिलेलं आहे. आतल्या मोझेइकच्या (रंगीत तुकडे जडवून केलेल्या) लेखात हिजरी ७२, म्हणजे इसवी सन ६९१-९२. नवव्या शतकात खलिफा मामूनच्या काळी त्या लेखातलं बांधणाऱ्या खलिफा अब्द अल-मलिकचं नाव काढून मामूनचं घातलं गेलं, पण साल तसंच राहिलं. नकाशाच्या आधी आठशे वर्षं इमारत उभी होती, याला आणखी कसला पुरावा हवा? दुसऱ्यांचं श्रद्धास्थान ‘नंतर घुसवलेलं’ ठरवायला असा फोटो पाठवणं मला घातक वाटतं.

मोजमापाचं म्हणाल तर, नकाशातल्या भोवतालच्या प्रदेशात पूर्व दिशा वर आहे, आणि शहर मात्र ऑलिव्ह डोंगरावरून पश्चिमेकडे बघत काढलेलं, तेही प्रदेशाच्या मानाने अवाढव्य. मोजून काढलेला नकाशा असा नसतो. आजची तटबंदी तुर्की सुलतान सुलेमानची, सोळाव्या शतकातली. ती १४८६ मध्ये कुठून दिसणार?

१५८४चा नकाशा क्रिस्तियान फान आद्रिखेमचा. तो येशूच्या काळातल्या शहराचा आहे, म्हणून त्यात मंदिर आहे. आणि हा ‘यात्रेकरू’ जेरुसलेमला कधी गेलाच नव्हता.